बंद पडत होती तोवर

१

आमची गाडी बंद पडायला लागली तेव्हा आम्ही कुणीच घाबरलो नाही. जुनी गाडी, कधीतरी बंद पडणारच.

ती घेतली होती अनिशच्या पायासाठी. अनिश माझा नवरा. काशिमीऱ्याच्या पुलाजवळ एका टेम्पोने त्याच्या बाइकला धडक दिली आणि डाव्या गुडघ्यात सळई बसवावी लागली. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबणं आता विसरा. त्याची नोकरी उत्तनला, मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. बेव्हर्ली पार्कच्या आमच्या घरून रोज दोनदा रिक्षा बदलून, बसमध्ये उभं राहून जाणं त्या पायाला झेपेना. तेव्हा ही राखाडी रंगाची जुनी ऑटोमॅटिक गाडी मिळाली. क्लच नाही, गिअर टाकणं नाही. उजव्या पायावर सगळा कारभार.

वर्षभर ती बिनतक्रार धावली. मग सिग्नलला थांबली की थरथरायला लागली. थरथर वाढायची, स्टिअरिंग हातात कापायचं आणि इंजिन गप्प. किल्ली फिरवली की पुन्हा चालू. पुढे पुढे गिअर टाकल्यावर क्षणभर काहीच व्हायचं नाही, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखा गचका बसायचा.

"बबनला दाखवतो," अनिश म्हणाला, आणि विषय संपला.

त्याच दिवशी संध्याकाळी टेबलाखाली केर काढताना मला फरशीवर एक लाल थेंब दिसला. रुपयाएवढा, तेलकट. मला वाटलं, लोणच्याचं तेल. अनिशच्या खुर्चीच्या बरोबर खाली होता, आणि लोणचं सांडायची त्याला सवयच होती. फडक्याने पुसला. पण बोटाला वास लागला तो मोहरीचा नव्हता, हिंगाचाही नव्हता. गोडसर होता, यंत्रासारखा. साबणाने हात दोनदा धुतला तरी गेला नाही.

२

बबनचं गॅरेज भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर. माणूस मूळचा राजापूरचा, बोलका. मी अनिशसोबत गेले होते, कारण येताना दिव्यासाठी चित्रकलेचं सामान घ्यायचं होतं. दिव्या आमची मुलगी, चौथीतली.

बबनने बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवलं, आणि आतून एक लांब पातळ पट्टी ओढून काढली. ती फडक्याने पुसली, परत आत घातली, परत काढली.

"हे बघा वहिनी. गिअरबॉक्सचं ऑइल. रंग कसा मस्त आहे, लाल. जळालं असतं तर काळं पडलं असतं, करपट वास आला असता. ऑइल चांगलंच आहे. फक्त कमी आहे. खूपच कमी."

त्याने ती पट्टी माझ्यासमोर धरली. वास आला. गोडसर, यंत्रासारखा.

अनिशच्या बुटाला लागून घरात आलं असणार, असं मनाशी म्हटलं. पण अनिश बूट दाराबाहेर काढतो. आमच्या सासूबाई, अंबिकाबाई, बूट घालून कुणाला उंबरा ओलांडू देत नाहीत.

"आणि बंद का पडतेय?" अनिशने विचारलं.

"साहेब, गाडी थांबली की इंजिनने चाकांना सोडायला पाहिजे. तुमची गाडी सोडतच नाही. धरून ठेवते. चाकं थांबली, इंजिन अडकलेलं, मग गुदमरून बंद पडतं. आतला एखादा व्हॉल्व्ह चिकटत असणार. पण आधी ऑइल कुठे जातंय ते शोधू."

त्याने ऑइल भरलं आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवायला सांगितलं. गळती असेल तर डाग पडेल, जागा कळेल. पार्किंगमध्ये आम्ही पुठ्ठा पसरला. सकाळी पुठ्ठा कोरडा. दुसऱ्या दिवशीही कोरडा. पट्टीवर मात्र ऑइल पुन्हा खाली गेलेलं.

बबनने खालची टाकी बघितली, सगळी सीलं बघितली, रेडिएटरच्या पाण्यात मिसळतंय का, धुरातून जातंय का, तेही बघितलं. शेवटी हात पुसत म्हणाला, "हवेत तर जात नाही ना, साहेब?" आणि हसला.

अनिशही हसला. मी घरी आले आणि अनिशच्या खुर्चीखाली वर्तमानपत्र पसरलं.

दुसऱ्या सकाळी नाश्त्यानंतर त्यावर डाग होता. ओला, लाल, पसरत चाललेला. मी खुर्ची उलटी करून पाहिली. कोरडी. अनिशची पँट धुवायला टाकली होती ती उलटसुलट करून बघितली. कोरडी. वर छत पांढरंशुभ्र. मी घडी करून तो कागद कचऱ्यात टाकला आणि बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. माझ्यासारख्या पदवीधर, नोकरी केलेल्या बाईने यावर काय विचार करायचा असतो, ते मला सुचेना.

३

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही चौघं थालीपीठ खात होतो. अनिश त्याच्या कामावरच्या जितेंद्रचा एक किस्सा सांगत होता. एका वाक्याच्या मध्येच तो थांबला.

थालीपीठाचा तुकडा ताट आणि तोंडाच्या मध्ये. ओठ अर्धवट उघडे. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाहीत, दिव्याकडे नाहीत, कशाकडेच नाहीत. छाती मात्र हलत होती.

"स्टॅच्यू!" दिव्या खिदळली. मुलांचा खेळ असतो तसा. मग हसू ओसरलं. "बाबा, ओव्हर. बाबा, ओव्हर ना!"

मी त्याचा खांदा धरला. अंग गरम होतं आणि अगदी बारीक थरथरत होतं. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीसारखं, हे तेव्हा माझ्या मनात आलं आणि मी ते झटकलं. थरथर वाढत गेली, मग एक जोराचा गचका बसला, आणि अनिशने घास तोंडात घातला.

"मग जितेंद्र म्हणतो कसा…" त्याने वाक्य पुरं केलं. मग आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं. "काय झालं?"

दुपारी दूध आणायला खाली उतरले तर आमचा वॉचमन शिवा पुढे आला. "मॅडम, आपकी गाडी सुबह अपने आप चालू हो गयी थी. मैं दौड़ के गया, तब तक बंद. अंदर कोई नहीं था."

मी विचारलं, सकाळी म्हणजे कधी. तो म्हणाला, नाश्त्याच्या वेळेला.

डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, तारा लावून तपासलं. सगळं नॉर्मल. ताण असेल म्हणाले, गोळ्या दिल्या, रजा घ्यायला सांगितली, आणि गाडी चालवायला सक्त मनाई केली. गाडी बबनकडे सोडली. त्याला आता सावकाश उघडून बघता येणार होती. मला बरं वाटलं. गाडी त्या खुर्चीपासून लांब गेली होती.

थेंब मात्र पडतच राहिले.

४

त्या आठवड्यात अनिश बाल्कनीत उभा राहून माझ्याशी बोलत होता. तो कपडे वाळत घालत होता, मी त्याला चिमटे देत होते. तो म्हणाला, "आईला दातांच्या डॉक्टरकडे…" आणि थांबला. चिमटा हातात तसाच.

माझा फोन वाजला. बबन.

"वहिनी, ऐका, ऐका!" तो ओरडत होता. मागे इंजिनाचा आवाज येत होता. "तुमची गाडी आपोआप चालू झाली! किल्ली माझ्या खिशात आहे! मी चहा पीत होतो समोर…"

फोन कानाशी धरून मी अनिशकडे बघत होते. त्याचं अंग थरथरायला लागलं होतं. फोनमध्ये इंजिनही थरथरत होतं. तोच ताल. मी माझा दुसरा हात त्याच्या छातीवर ठेवला. कानात आणि तळव्यात एकच गोष्ट चालली होती.

"हलायला बघतेय, थांबा…" बबन म्हणाला. फोनमध्ये धाडकन गचका ऐकू आला आणि मग शांतता. माझ्या तळव्याखाली तोच गचका.

"बंद पडली," बबन म्हणाला.

"…न्यायचंय," अनिश म्हणाला, आणि चिमटा दोरीला लावला.

बबनच्या मते स्टार्टरच्या वायरिंगमध्ये शॉर्ट होता. जुन्या गाड्यांत होतं असं. मी त्याला हो म्हटलं. योगायोग होतात. दोन घड्याळं एकाच वेळी बंद पडतात. मी रात्री झोपताना हे स्वतःला समजावत राहिले, आणि शेजारी झोपलेल्या अनिशच्या अंगावर हात ठेवून होते.

५

मग सगळं ठीक झालं.

बबनने गिअरबॉक्स उघडला, चिकटलेला व्हॉल्व्ह सापडला, तो बदलला. सगळी सीलं नवी घातली. जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरलं. वायरिंगही बदललं. इंद्रलोकमधून चक्कर मारून, पार भाईंदर स्टेशनापर्यंत जाऊन आला. प्रत्येक सिग्नलला थांबला. "एकदाही बंद पडली नाही, वहिनी. लोण्यासारखी चालतेय."

आणि खुर्चीखालचा कागद कोरडा राहिला. एक दिवस, दुसरा दिवस, पूर्ण आठवडा. अनिश एकदाही थांबला नाही. जेवायला लागला, दिव्याशी कॅरम खेळला, आईची चेष्टा केली. सासूबाईंनी गणपतीपुढे नारळ फोडला. मीही मनापासून हात जोडले. गोळ्या लागू पडल्या, असं मी बहिणीला फोनवर सांगितलं. थेंबांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते विसरणं सोपं गेलं.

बबनने गाडी आणखी काही दिवस चालवून बघितली आणि शुक्रवारी दुपारनंतर घरी आणून देतो म्हणाला.

६

शुक्रवारी दुपारी दिव्या शाळेत होती. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. मी आणि अनिश चहा घेत होतो. खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं.

"बरं झालं बाई, दुरुस्त झाली एकदाची," मी म्हटलं.

"हो ना," अनिश बशीत चहा ओतत म्हणाला. "सारखी बंद पडायची तेव्हा तो फार चिडायचा."

"कोण? बबन?"

"नाही गं. पुढचा."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. "पुढचा कोण?"

तो जरा ओशाळला. स्वप्न सांगताना माणूस ओशाळतो तसा. "मी थांबायचो ना, तेव्हाचं थोडं थोडं आठवतंय आता. मी गाडीत असायचो. मागच्या सीटवर. दार उघडायचं नाही. पुढे स्टिअरिंगवर कुणीतरी असायचं. पाठमोरं. नुसती मान दिसायची. तो किल्ली फिरवायचा, गाडी चालू व्हायची, जरा हलायची, आणि बंद पडायची. बंद पडली की मी इथे, तुमच्यात. आणि तो तिथे स्टिअरिंगवर हात आपटत बसलेला." त्याने हसायचा प्रयत्न केला. "डॉक्टरांना सांगायला हवं होतं का?"

मला आधी काही कळलंच नाही. मग लक्षात आलं. गाडी बंद पडायची म्हणून तो परत यायचा. आणि आम्ही ती दुरुस्त केली होती.

"अनिश," मी म्हटलं, "आपण ती गाडी आणायची नाही. मी बबनला…"

त्याची बशी ओठांपर्यंत गेलेली होती. तिथेच होती. चहा तिच्या कडेवरून एका धारेत टेबलावर सांडत होता.

मी त्याला हाक मारली. हलवलं. या वेळी अंगात थरथर नव्हती. छाती संथ, सारख्या लयीत वरखाली होत होती. लोण्यासारखी.

मी बबनला फोन लावला. खूप वेळ वाजून मग त्याने उचलला.

"बबन, गाडी बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"अहो वहिनी, गाडी गेली ना. साहेब आत्ताच घेऊन गेले."

"कोण साहेब?"

"आपले साहेब. मागे बसले होते. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. तुमचा ड्रायव्हर आला होता किल्ली मागायला, त्याच्या हातात दिली मी."

"आमच्याकडे ड्रायव्हर नाही, बबन."

तो म्हणाला, "साहेबांचं नाव सांगितलं त्याने. तुमच्या बिल्डिंगचं पण."

"दिसायला कसा होता?"

तो शब्द शोधत राहिला. बबनसारखा बोलका माणूस. शेवटी अगदी हळू म्हणाला, "वहिनी, आत्ताच तर बघितला हो मी त्याला. समोर उभा होता. चेहरा का आठवत नाही?"

७

सासूबाई उठून आल्या. आम्ही दोघींनी मिळून अनिशच्या हातातली बशी सोडवली. मी अॅम्ब्युलन्सला फोन केला. निघाली आहे, पुलावर ट्रॅफिक आहे, म्हणाले. सासूबाई त्याचे तळवे चोळत होत्या, देवाचं नाव घेत होत्या. गाडी कुठे शोधायची या विचाराने मी खोलीत नुसती फिरत होते. पोलिसांना काय सांगणार? माझा नवरा इथे माझ्यासमोर बसलाय, आणि त्याला गाडीत घालून कुणीतरी नेलंय?

तेवढ्यात अनिशच्या खिशातला फोन वाजला. जितेंद्र, उत्तनहून.

"वहिनी? अनिश रजेवर आहे ना? मग त्याची गाडी इथे कशी? होड्यांच्या धक्क्यावर उभी आहे. इंजिन चालू आहे, आत कुणी दिसत नाही. दारं लॉक."

इतक्या लवकर ती तिथे पोचली कशी, हे विचारायचं भान मला नव्हतं. मी पर्स उचलली.

"कुठे निघालीस?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "नवऱ्याला असा टाकून?"

"आई, ती गाडी बंद करायला पाहिजे."

"गाडी? पोरगा माझा असा बसलाय आणि तुला गाडीचं पडलंय?"

अॅम्ब्युलन्स आली की त्याच्याबरोबर जा, फोन जवळ ठेवा, एवढं सांगून मी जिना उतरले. त्या मागून काय म्हणाल्या ते मला अजून ऐकू येतं.

रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, उत्तन, धक्का. जितना जल्दी हो सके." पूल ओलांडला, भाईंदर पश्चिम मागे पडलं, मुर्धा गेलं, राई गेलं. दोन्ही बाजूंना मिठागरं उन्हात पांढरी चकाकत होती. शाळेतून सुटलेली पोरं सायकलवरून चालली होती. कुणालाही काही झालेलं नव्हतं. माझं एक मन सांगत होतं की मी वेडी आहे, आजारी नवऱ्याला सोडून पळालेली वेडी बाई. मी त्या मनाशी भांडले नाही. फक्त रिक्षावाल्याला सारखं म्हणत राहिले, "और थोडा जल्दी."

८

धक्क्याजवळ बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत होते. त्यांच्या पलीकडे, होड्यांकडे तोंड करून, आमची गाडी उभी होती. इंजिनाचा आवाज इतका मऊ होता की जवळ जाईपर्यंत ऐकूही आला नाही. जितेंद्र दुसरी किल्ली कुठे आहे विचारत माझ्याकडे धावत आला. दुसरी किल्ली नव्हतीच कधी.

मासळी उलटी करत बसलेली एक म्हातारी कोळीण, गोदूबाई, उठून आली. "बाय, गाडी तुजी हाय का? कवाची चालूच हाय. आणणारा उतरताना कोनी बघला न्हाय."

सगळ्या काचा आतून धुक्याने पांढऱ्या झालेल्या, बंद गाडीत कुणी खूप वेळ श्वास घेत बसल्यासारख्या. पुढच्या काचेचा एक कोपरा मोकळा होता, तिथे मी डोळे लावले. पुढची सीट रिकामी. किल्ली लावलेली.

फोन वाजला. सासूबाई.

"अगं, उठला तो!" त्या रडत होत्या, हसत होत्या. "उठला, चालायला लागला! अॅम्ब्युलन्स अजून पुलावरच अडकलीय. घे, बोल त्याच्याशी."

मी गाडीच्या टपावर हात टेकला. "अनिश?"

"हॅलो," अनिशचा आवाज आला. त्याचाच होता. "कोण?"

"अरे मी. संपदा."

"संपदा," तो म्हणाला. नाव चावून बघावं तसं, सावकाश. "हां. मी बरा आहे आता."

"वहिनी," शेजारून जितेंद्र म्हणाला. त्याचा आवाज विचित्र झाला होता. तो मागच्या काचेकडे बघत होता.

मागच्या काचेवरचं धुकं मध्येच एका जागी पुसलं जात होतं. आतून. आधी एक रेघ, मग तळहाताएवढा गोल. गोदूबाईने तोंडावर पदर घेतला. "आतून कोन तरी पुसतंय गो."

"तू गाडीपाशी आहेस का?" फोनमधला आवाज म्हणाला.

मी दाराचं हँडल ओढलं.

"तिला हात लावू नकोस, संपदा. चालू असू दे. छान चालतेय आता. तू घरी ये."

जाळ्यांवर ठेवलेला एक धोंडा मी उचलला. जितेंद्रने मला अडवलं नाही. पहिल्या घावाला काच फुटली नाही, दुसऱ्याला तडकली, तिसऱ्याला आत कोसळली. मी फोन कानाशी तसाच धरून ड्रायव्हरच्या खिडकीतून आत वाकले. सीट गरम होती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

किल्लीकडे हात नेताना माझी नजर आरशात गेली. मागची सीट दिसते तो आरसा. त्यात अनिशचे डोळे होते. माझ्या अनिशचे. ते माझ्याकडेच बघत होते, आणि इतके घाबरलेले होते की मी हे आयुष्यात कुणाला सांगू शकणार नाही.

"संपदा, ऐक," फोन म्हणाला, "मी तुला सांगतो, ती बंद केलीस तर मी प—"

मी किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. फोनमधला आवाज त्या एका अक्षरावर तुटला. आरशात मागची रिकामी सीट, आणि तिच्यामागे वाळणारे बोंबील. होड्यांना लाटा लागल्याचा आवाज येत होता. कितीतरी वेळ तेवढंच.

मग फोनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज, सासूबाईंची किंकाळी, आणि मग लहान मुलासारखं हमसाहमशी रडत कुणीतरी म्हणालं, "संपू? संपू, कुठे आहेस तू?"

मला संपू फक्त अनिश म्हणतो.

९

आता महिना होईल. अनिश बरा आहे. त्या दुपारचं त्याला काही आठवत नाही, किंवा तो तसं म्हणतो. गाडी टो करून बबनकडे नेली. त्याने काही न विचारता ती उघडली, गिअरबॉक्स वेगळा, इंजिन वेगळं, आणि भंगारवाल्याला तुकड्यातुकड्यांनी दिली. किल्ली मी त्याच दिवशी धक्क्यावरून पाण्यात टाकली होती. उत्तनला जायला अनिश पुन्हा बस धरतो. पाय दुखतो, पण तो कुरकुर करत नाही.

सासूबाई मात्र गप्प गप्प असायच्या. मला वाटलं, त्या दिवशी मी त्यांना सोडून गेले याचा राग असेल. आज दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. अनिश कामावर, दिव्या शाळेत. त्या मान वर न करता म्हणाल्या, "संपदा, तुला एक सांगायचं राहिलंय."

"सांगा ना."

"त्या दिवशी तो उठला ना, मग आधी घरभर फिरला. सगळ्या खोल्या बघितल्या. कपाटं उघडली. जागा बघायला आल्यासारखा. मग माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, या घरात कोण कोण राहतं?"

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"मला वाटलं, डोक्याला मार बसल्यावर डॉक्टर विचारतात ना, नाव काय, वार कुठला, तसा स्वतःच आठवून बघतोय बिचारा. म्हणून मी सांगितलं गं. माझं नाव, तुझं नाव. मग दिव्याचं विचारलं. शाळा कुठली, सुटते कधी, न्यायला कोण येतं, कुठल्या गेटवर उभी राहते." त्यांनी हातातली काडी मोडली. "मी सगळं सांगितलं. तो नुसता मान हलवत होता."

"आणि काय म्हणाला?"

"लक्षात ठेवतो म्हणाला."

शाळा सुटायला अजून बराच वेळ होता. मी मांडीवरची मेथी तशीच खाली सांडली, चप्पल अडकवली, आणि जिन्यावरून धावत सुटले.